चौघांची खोली

सौदीतल्या जुबैलच्या कंपनी कॅम्पात सगळ्या खोल्यांना नंबर होते, पण शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीला नंबराने कोणी ओळखत नसे. ती पडवणीकरांची खोली. पडवणी हे रत्नागिरीच्या एका खाडीवरचं गाव, आणि तिथल्या प्रत्येक घरातला एक तरी पुरुष आखातात. कंपनीच्या हिशेबाने खोली चौघांची होती. चार लोखंडी खाटा, चार कपाटं आणि एक एसी, जो चालू असला की आवाजाने झोप लागत नसे आणि बंद पडला की जीव घुसमटत असे. कंपनीने काय ठरवायचं ते ठरवावं. पडवणीकरांचा कायदा वेगळा होता. गावचा माणूस वळकटी घेऊन दारात उभा राहिला की त्याला आत घ्यायचा. किती दिवस राहणार, विचारायचं नाही. का आलास, तेही नाही. नोकरी सुटलेला, कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाशी, भांडून आलेला, नवा व्हिसा घेऊन कालच विमानातून उतरलेला, सगळे त्याच दारातून आत येत. खाटा भरल्या की खाटांमधली जमीन, ती भरली की दाराजवळची. हा कायदा आजे-पणजे बोटीवर नोकरीला जायचे तेव्हापासूनचा. मुंबईत बोटीची वाट बघत पडलेल्या खलाशांच्या गावखोलीतून तो इथवर आला होता, आणि तो कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

यूनुस परकारने तो मोडला, आणि तोही भर लढाईत. आता पडवणीत त्याचं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करतात, जसा काही तो आईच्या पोटातूनच दगड होऊन आला. तसं नाही हो! माणूस चांगला होता. कुणाला इस्पितळात ने, कुणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवा करायला साहेबाच्या मागे लाग, सगळं करायचा. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती हवी होती म्हणून कुणी त्याला नावं ठेवू नयेत. त्याला आपल्या बायकोबरोबर राहायचं होतं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मैमुनाबरोबर काढलेले दिवस सगळे मिळून दीड वर्षसुद्धा भरले नसते. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. त्यातले निम्मे दिवस नातेवाइकांना साबण-अत्तरं वाटण्यात आणि लग्नांच्या जेवणावळींत जायचे. घरात आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. नवरा-बायकोने दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर जावं लागे, आणि तिथेही कुणीतरी कळशी घेऊन हजर. मुलगी नूरैन सात वर्षांची. मागच्या रजेत ती आईच्या कानाशी लागून विचारत होती, "हे माझ्या जागेवर का झोपतात?" मैमुना हसली होती. यूनुसला हसू आलं नाही. सौदीत कुटुंब आणायची परवानगी मोठ्या हुद्द्याच्या लोकांना. यूनुस वेल्डिंगचे सांधे तपासणारा इन्स्पेक्टर असला तरी कंपनीच्या लेखी कामगारच होता.

"दोन खोल्या असाव्यात, एक नळ असावा, आणि दार आतून लावून घेता यावं," मैमुना एकदा म्हणाली होती. "बाकी मला काही नको."

अशात ओकादाने ती गोष्ट काढली. ओकादा हा जपानी कंपनीचा पाइपलाइनचा साहेब. पन्नाशीचा, बुटका, मोजकं बोलणारा. यूनुसने नापास केलेला सांधा कुणाच्या बापाला पास करून घेता येत नसे, म्हणून ओकादाचा त्याच्यावर जीव होता. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं, आणि जपानी साहेबांनी एकेक करून घरची वाट धरली. ओकादा तेवढा मागे राहिला. एका दुपारी मेसमध्ये चहा पिताना तो आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाला, "यूनुस-सान, इथलं काम संपलं की मी कावासाकीला जाणार. तिथल्या आमच्या कारखान्यात तुझ्यासारखा माणूस हवा आहे. येतोस? बायकोला आणि मुलीला आणता येईल."

यूनुसच्या हातातला कप हातातच राहिला. कावासाकी कुठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओकादाने बशीतले साखरेचे तीन खडे उचलले आणि एकमेकांना चिकटवून टेबलावर ठेवले. हे टोकियो, हे योकोहामा, आणि मधे दाबून बसवलेलं ते कावासाकी. कुठलं शहर कुठे संपतं, ते तिथे राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

"माणसं खूप?" यूनुसने विचारलं.

"खूप. माझ्या गॅलरीतून हात लांब केला की शेजाऱ्याचा वाळत घातलेला टॉवेल हाताला लागतो. तो शिंकला तर मला कळतं. वीस वर्षं झाली, त्याचं नाव मला माहीत नाही."

"का? भांडण झालं?"

"नाही. नाव विचारायचं कधी कारणच पडलं नाही." ओकादाला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. "एवढी माणसं एवढ्याशा जागेत राहायची तर असंच राहावं लागतं. प्रत्येकाने आपापल्या दाराच्या आत."

यूनुसला ते ऐकून काय वाटावं? पडवणीतला दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हे काय जगणं झालं! यूनुसला मात्र वाटलं, वा, किती छान. आपापल्या दाराच्या आत.

मग ओकादाने अडचण सांगितली. परदेशी माणसाला त्या भागात खोली मिळणं महाकठीण. दलालाच्या दुकानाच्या काचेवरच लिहिलेलं असतं, परदेशी नकोत. कोरियन लोक तिथे दोन-तीन पिढ्या राहिलेत, त्यांनाही हेच ऐकावं लागतं. आता इराणी, बांगलादेशी, पाकिस्तानी कामाला येऊ लागलेत, तर घरमालक जास्तच बिथरलेत. "ते म्हणतात, परदेशी एकटा येऊन खोली घेतो आणि मग दहा जण राहायला येतात," ओकादा म्हणाला आणि त्याने यूनुसकडे पाहिलं. सहज पाहिलं असेल. पण यूनुसचे कान गरम झाले.

ओकादाच्या मावशीचं कारखान्यामागे एक जुनं दुमजली घर होतं. वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मावशी परदेशी माणसाला उंबऱ्याशी उभं करणारी नव्हती, पण ओकादा स्वतः जामीन राहणार होता. "मी तिला शब्द दिलाय. तीन माणसं. नवरा, बायको, मुलगी. उद्या तिथे चौथं डोकं दिसलं तर शेजारी तिला बोलणार आणि ती मला. मग मला तिथे तोंड दाखवायला जागा नाही."

"तीनच, ओकादा-सान," यूनुस म्हणाला. "आमच्यातही शब्द म्हणजे शब्द."

त्या दिवसापासून यूनुसला आपल्याच खोलीची लाज वाटायला लागली. तेव्हा खोलीत नऊ जण होते. सकाळी कुणाच्या तरी पायावर पाय दिल्याशिवाय संडासापर्यंत पोचता येत नसे. आधी या गोष्टीची गंमत वाटायची, आता अंगावर काटा यायचा. ओकादा कधी या बाजूला आला तर? पण अल्लाची मेहरबानी म्हणा किंवा सद्दामची, लढाईच्या भीतीने लोक गावाला पळू लागले. डिसेंबर संपेपर्यंत खोलीत नेमके चौघे उरले: यूनुस, त्याच्या हाताखाली काम करणारा शारीक, आणि मुकादमांचे दोघे भाऊ. ज्याची त्याला खाट. बाकीचे गावाच्या आठवणीने उसासे टाकत होते आणि यूनुस मनातल्या मनात खूश होता. खोटं कशाला बोला?

जानेवारीच्या मध्यावर लढाई पेटली. कॅम्पात विषारी वायूपासून वाचायचे मुखवटे वाटले गेले, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, पडवणीकरांच्या खोलीसमोर धुळीने माखलेला एक डाटसन पिकअप येऊन थांबला. मागे शिलाई मशिनं, वळकट्या, आणि त्यांच्यामध्ये कशीबशी बसलेली माणसं. पुढच्या सीटवरून काठी टेकत उतरले ते बदरुद्दीन मामू.

मामू म्हणजे मैमुनाचे सख्खे मामा. मैमुनाचा बाप तिच्या लहानपणीच गेला. तिला मामूंनी वाढवलं, तिचं लग्न मामूंनी लावलं, आणि यूनुसचा पहिला व्हिसाही मामूंनीच खटपट करून काढला. यूनुस पहिल्यांदा जुबैलला आला तेव्हा मामू याच खोलीत होते. आपली खाट जावयाला देऊन ते वर्षभर जमिनीवर झोपले. पुढे त्यांनी खफजीत शिंप्याचं दुकान चालवायला घेतलं. खफजी कुवेतच्या सरहद्दीला चिकटून. लढाईच्या पहिल्याच दिवशी तिथे तोफगोळे पडले, सरकारने सगळ्यांना गाव सोडायला लावलं, आणि कफील "खलास, जा कुठे जायचं ते" म्हणून स्वतः रियाधला निघून गेला. मामू आणि दुकानातले सात कारागीर, सगळे पडवणीचे, तडक इथे आले. दुसरीकडे कुठे जाणार होते ते? गावची खोली होती ना!

"सरका रे," शारीक ओरडला, आणि सरकायला कोण होतं, तर तो आणि ते दोघे भाऊ. त्यांनी मशिनं उतरवली, भात चढवला, मामूंना खाटेवर बसवलं. कॅम्पाच्या फाटकावरचा पहारेकरी रहमतुल्ला पेशावरकडचा होता. बाहेरच्यांना आत सोडायची मनाई होती, पण म्हाताऱ्याची अवस्था बघून त्याने मान फिरवली आणि गाडी आत जाऊ दिली होती. यूनुसनेही हसून सगळ्यांना सलाम केला. पण त्याचं लक्ष वळकट्यांवर होतं. मनातल्या मनात तो मोजत होता. आठ आणि चार बारा.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना रहमतुल्लाने त्याला फाटकाशी थांबवलं. "यूनुसभाई, ओकादासाहब पूछ रहा था, आपके कमरे में कितने आदमी हैं। कल देखने आएगा।"

"तुम क्या बोला?" यूनुसने विचारलं.

"जो है वही बोला। खफजी से मेहमान आए हैं।"

यूनुस फाटकापासून खोलीपर्यंत चालत गेला तो जपानच्या वाटेवरून परत फिरल्यासारखा. त्याच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, परदेशी एकटा येतो आणि मग दहा जण राहायला येतात. ओकादा डोकी मोजायला येणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ज्याने चौथं डोकं नको म्हणून बजावलं होतं, तो आणखी कशाला येईल? आता दोन तासांपुरतं यांना बाहेर पाठवावं, तर मशिनं कुठे लपवायची, आणि साहेब कुठल्या वेळी येईल हे तरी कुणाला ठाऊक?

तो आत आला तेव्हा मामू खाटेवर बसून शारीकच्या सदऱ्याला बटण लावत होते.

"मामू, जरा बाहेर येता?"

"इथेच बोल की रे. इथे कोण परका आहे?"

यूनुस बोलला. साहेब खोली बघायला येतोय. चारच माणसं दिसली पाहिजेत. जपानचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, मैमुनाचं, नूरैनचं. दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. दम्मामला ओळखीपाळखी आहेत, तिथे काही सोय बघता आली तर...

"यूनुसभाई, काय बोलताय तुम्ही?" शारीक उठून उभा राहिला. "बाहेर लढाई चाललीय!"

"मला माहीत आहे लढाई चाललीय!"

"मग साहेबाला सांगा, पाहुणे आहेत."

"तुला काय कळतंय त्यातलं? त्यांच्या देशात पाहुणासुद्धा आधी विचारून येतो."

मामूंनी हातातलं बटण पुरतं लावलं, दोरा दाताने तोडला आणि सदरा शारीकच्या खाटेवर ठेवला. "किती माणसं चालतात म्हणालास?"

"चार."

"तुम्ही चौघे आहातच."

"हो, मामू."

"बरं," मामू म्हणाले. त्यांनी फक्त काठी घेतली आणि कारागिरांना हाक दिली, "चला रे. यल्ला."

मशिनं पुन्हा गाडीत चढली. नुकताच लग्न करून आलेला एक कारागीर वळकटी बांधता बांधता रडायला लागला, तेव्हा मामू त्याला खेकसले, "रडायला काय झालं? जागा नाही म्हणाला, एवढंच ना?" मामूंचे गुडघे सुजले होते. त्यांना गाडीत बसवायला शारीकने हात दिला. यूनुस पुढे झाला होता, पण मामूंनी दुसऱ्या बाजूचा दांडा धरला. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाले, "दार लावून घे. गारठा आहे."

आणि यूनुसने दार लावून घेतलं.

ओकादा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दाराबाहेर बूट काढले, आत येऊन वाकला. खोली झाडूनपुसून लख्ख होती. चार खाटा, चार चादरी, चार मुखवटे ओळीने टांगलेले. ओकादाने इकडे तिकडे पाहिलं आणि तो गोंधळल्यासारखा झाला.

"चारच?"

"चारच, ओकादा-सान."

ओकादाने कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "रहमतुल्ला म्हणाला, खफजीहून तुझ्या गावची माणसं आलीत. मला काळजी वाटली. एवढ्या खोलीत बारा जण कसे राहतील? आमचे लोक निघून गेले, सोळा बंगले नुसते रिकामे पडलेत. मी वर विचारलं. लढाई संपेपर्यंत दोन बंगले त्यांना द्यायला कंपनीची हरकत नाही. म्हणून म्हटलं, किती माणसं आहेत ते आधी बघून यावं." त्याने किल्ल्या पुढे केल्या. "कुठे आहेत ते?"

शारीक कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा होता. तो यूनुसकडे बघत राहिला.

अहो, अजूनही वेळ गेली नव्हती! डाटसन जाऊन जाऊन कुठे गेला असेल? दम्माम काही दुसऱ्या मुलखात नाही. यूनुसने नुसतं म्हणायचं होतं, काल गेले, मी घेऊन येतो. पण मग आठ माणसं आली होती हे कबूल करावं लागलं असतं. आणि ती गेली कशी, हेही सांगावं लागलं असतं. इथे आठ आली तर मावशीच्या घरी किती येतील, हा हिशेब ओकादा केल्याशिवाय राहणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि एकदा मनाने घेतलं की माणूस आंधळा होतो.

"कोणी आलं नाही, ओकादा-सान," तो म्हणाला. "रहमतुल्लाची काहीतरी गफलत झाली."

"असं?" ओकादाने किल्ल्या परत खिशात टाकल्या. "मग ठीक. बंगल्यांची वीज बंद करायला सांगतो." जाताना तो पुन्हा वाकला आणि त्याने बूट घातले.

शारीक एकच वाक्य बोलला. "भाई, सोळा बंगले." मग त्याने खाटेखालून पेटी ओढली आणि वळकटी बांधायला घेतली.

"तू कुठे निघालास?"

"ते गेले तिकडे."

दोन दिवसांनी मुकादमांचे भाऊही निघून गेले. त्यांनी कारणसुद्धा सांगितलं नाही. चौघांच्या खोलीत यूनुस एकटा राहिला. हल्ल्याचा भोंगा वाजला की एकटाच मुखवटा चढवून खाटेवर बसायचा, आणि मुखवट्याच्या आत स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकायचा. इतकी वर्षं ज्या एकांतासाठी तो तडफडला होता, तो असा मिळाला. चार दिवसांत त्याला तो नकोसा झाला.

पुढच्या शुक्रवारी तो दम्मामला गेला. विचारत विचारत पोचला आणि दारातच थबकला. मामू बोरशेतवाल्यांच्या खोलीत होते! बोरशेत हे पडवणीसमोरचं, खाडीच्या पलीकडचं गाव. दोन्ही गावांत कोलंबीच्या जाळ्यांवरून पिढीजात वैर. सोयरीक नाही, लग्नाला जाणं-येणं नाही. त्या गावाने पडवणीची नऊ-दहा माणसं आपल्या खोलीत घेतली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दार उघडणाऱ्याने यूनुसला ओळखलं नाही. "या, आत या," म्हणाला आणि आतल्या लोकांना ओरडला, "जरा जागा करा, पाहुणा आलाय."

मामू भिंतीला टेकून बसले होते. मधूनमधून खोकत होते. "या यूनुसशेठ," ते म्हणाले. "बसा."

मामूंनी आजपर्यंत त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. यूनुस उभाच राहिला. "मामू, परत चला. मी न्यायला आलोय. खोली रिकामी आहे."

"रिकामी झाली, म्हणून आलात होय?"

"माझं चुकलं, मामू."

"भीतीने काढलंत, ते समजतं मला," मामू हळू म्हणाले. "माणूस घाबरतो. माझी पोरगी तुमच्याकडे सुखात राहावी, असं मला वाटत नव्हतं का? मी त्याच वेळी माफ केलं होतं. पण शारीकने पुढचं सांगितलं. साहेबाने किल्ल्या हातात धरून विचारलं, कुठे आहेत ते? आणि तुम्ही म्हणालात, कोणी आलंच नाही." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मी आलोच नव्हतो, यूनुसशेठ?"

मामूंनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

"तुमच्याकडे माणसं मोजतात. आम्ही आठ आलो, उद्या नववा आला तर कुणाला उठवणार? इथे मोजत नाहीत. इथेच बरं आहे." मग थोडा आवाज उतरवून म्हणाले, "मैमुनाच्या कानावर मी काही घालणार नाही. तेवढी काळजी करू नका."

शारीक पलीकडे बसून कांदा चिरत होता. त्याने मान वर केली नाही.

फेब्रुवारी संपता संपता लढाई संपली. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि त्यांचा धूर जुबैलपर्यंत येऊन भर दुपारी संध्याकाळ व्हायची. मामू आणि कारागीर मिळेल त्या पहिल्या विमानाने गावी गेले. ओकादाने मात्र शब्द पाळला. मावशी कबूल झाली, तो स्वतः जामीन राहिला, व्हिसाचं काम मार्गी लागलं. मे महिन्यात निघायचं ठरलं. ते ठरलं त्याच आठवड्याच्या शुक्रवारी यूनुस बाजारातल्या टेलिफोनच्या केबिनसमोर रांगेत उभा राहिला. पडवणीत फोन एकच, किराणा दुकानात. मैमुनाला बोलावणं गेलं, ती येईपर्यंत त्याने दोनदा घाम पुसला.

"मैमुना, झालं सगळं!" तो जवळजवळ ओरडलाच. "मे महिन्यात. दोन खोल्या आहेत. नळ आत आहे. दार..."

"मामू आलेत," मैमुना म्हणाली.

"हो, कळलं. बरे आहेत ना?"

"खोकतात. मी विचारलं, यूनुसच्या खोलीवर का नाही राहिलात? म्हणाले, जागा नव्हती." मग तिने विचारलं, "जागा नव्हती का?"

"मैमुना, इथे मागे लोक उभे आहेत."

"इथेही उभे आहेत. अख्खं दुकान ऐकतंय. बोरशेतवाल्यांचं खाडीच्या दोन्ही काठांवर सांगून झालंय, आता ऐकायचं काय राहिलंय? मामू शपथ घेतल्यासारखे गप्प आहेत. तुम्ही सांगा. जागा नव्हती का?"

यूनुसने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मागचा माणूस काचेवर टकटक करत होता.

"होती," तो म्हणाला.

"आणि कोणी आलंच नाही म्हणालात, तेही खरं?"

"मी ते आपल्यासाठी केलं गं! तुझ्यासाठी केलं. तुलाच हवं होतं ना, आपल्या दोघांचं असं..."

"माझं नाव घेऊ नका!" मैमुनाचा आवाज असा चढला की त्याने रिसीव्हर कानापासून दूर धरला. "माझ्यासाठी केलंत म्हणता, म्हणजे मामूंना मी बाहेर काढलं. ज्यांनी मला जेवू घातलं, त्यांना मी लढाईत रस्त्यावर काढलं. असंच ना? तुम्ही केलंत ते केलंत, आता ते माझ्या अंगावर टाकता? त्या घरात मी एक दिवस सुखाने झोपेन असं वाटतं तुम्हाला? मला हवं होतं, हो, फार हवं होतं. आता नको. तुम्ही जा. मी येणार नाही, आणि नूरैनलाही पाठवणार नाही."

"मैमुना, ऐक. ऐकून तर घे. मैमुना!"

पलीकडून चपलांचा आवाज आला, कुणाची तरी कुजबुज आली. मग रिसीव्हर दुकानदाराने उचलला. तो जुना, भला माणूस होता. त्याने घसा खाकरला.

"यूनुसभाई, ती गेली," तो म्हणाला. "लाइन चालू आहे. दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

यूनुसने डोळे मिटून पडवणीतलं एकेक घर आठवून पाहिलं. बोलवावं असं एकही नाव त्याला सुचलं नाही.